३७ विरुद्ध ३०: अ‍ॅलन स्पिअर यांची वीस वर्षं

१९७० साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठानं मायकेल मॅकॉनेल या ग्रंथपालाला नोकरी देऊ केली. सेंट पॉल आवारातल्या ग्रंथालयात पुस्तकांच्या सूचीकरणाचं काम, तेही विभागप्रमुख म्हणून. रुजू होण्याआधी, मे महिन्यात, मॅकॉनेल आणि त्यांचा जोडीदार जॅक बेकर मिनियापोलिसच्या काउंटी कचेरीत गेले आणि लग्नाच्या परवान्यासाठी रीतसर अर्ज करून आले. परवाना काही मिळाला नाही, पण बातमी पेपरात झळकली. विद्यापीठाच्या नियामक मंडळानं नेमणूक मंजूर करायला नकार दिला. मॅकॉनेल कोर्टात गेले, खालच्या कोर्टात जिंकले आणि १९७१ साली अपिलात हरले. त्यांच्या पदवीत किंवा कामात खोट आहे, असं या सगळ्यात कुणीही म्हणत नव्हतं.

त्याच विद्यापीठात तेव्हा अ‍ॅलन स्पिअर नावाचे तिशीतले प्राध्यापक इतिहास शिकवत होते. तेही समलिंगी होते, पण बाहेर कुणाला ते ठाऊक नव्हतं. पुढे ते राज्याच्या सिनेटवर निवडून गेले, आमदार असतानाच आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं, आणि मॅकॉनेल यांच्यासारखी नोकरी जाऊ नये म्हणून एक कायदा करून घ्यायला त्यांना १९९३ साल उजाडलं. ‘पहिले उघड समलिंगी आमदार’ म्हणून स्पिअर यांचं नाव घेतलं जातं. मला त्या पहिलेपणापेक्षा मधली वीस वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. एखादा कायदा इतका वेळ का घेतो, तोवर आमदार नेमकं काय करत असतो आणि शेवटी काय मोजून तो पदरात पडतो, हे त्या वर्षांत दिसतं.

आधी कायद्याचं बघू. अमेरिकेत जवळपास सगळीकडे करार किंवा युनियनचं संरक्षण नसेल, तर खासगी मालक माणसाला कारण न सांगता कामावरून काढू शकतो. बंदी आहे ती काही ठरावीक कारणांवर. १९६४च्या केंद्रीय नागरी हक्क कायद्यानं नोकरीच्या बाबतीत वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश ही कारणं मना केली. त्याशिवाय प्रत्येक राज्याची आपापली यादी असते. मिनेसोटाची यादी राज्याच्या मानवी हक्क कायद्यात आहे आणि ती नोकरीपुरती नाही. घर भाड्यानं देणं, हॉटेलात खोली देणं, कर्ज, शिक्षण हे सगळं तिच्यात येतं. यादीत तुमचं कारण असेल तर दाद मागता येते, नसेल तर वकीलसुद्धा हात वर करतो. केंद्रीय कायद्यातल्या ‘लिंग’ या कारणात समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कर्मचारीही येतात, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं थेट जून २०२० मध्ये सांगितलं. म्हणजे सत्तरच्या दशकात लढाई राज्याराज्यांत आणि शहराशहरांतच लढावी लागणार होती. मागणी ऐकायला अगदी किरकोळ होती: यादीत आणखी एक कारण घाला.

स्पिअर मूळचे इंडियाना राज्यातल्या मिशिगन सिटीचे, जन्म १९३७चा. ओबर्लिन कॉलेजात शिकले, येल विद्यापीठात पीएच.डी. केली. संशोधनाचा विषय होता शिकागोतली कृष्णवर्णीयांची वस्ती १८९० ते १९२० या काळात कशी घडत गेली. घर नाकारून, नोकरी नाकारून माणसांना एका कोपऱ्यात कसं ढकललं जातं, याचा त्यांनी कागदपत्रांतून अभ्यास केला होता. १९६४ साली ते मिनेसोटात शिकवायला आले. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उतरले, पक्षाच्या कामात रमले. मिनेसोटात डेमोक्रॅटिक पक्षाचं नाव जरा लांबलचक आहे, डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर, थोडक्यात डीएफएल. १९७२च्या निवडणुकीत या पक्षानं राज्याची दोन्ही सभागृहं पहिल्यांदाच ताब्यात घेतली आणि त्या लाटेत विद्यापीठाच्या परिसरातून स्पिअर सिनेटवर निवडून आले. मतदार बहुतेक विद्यार्थी, प्राध्यापक आणि आसपासचे कामगार. ही सिनेट म्हणजे राज्याचं वरिष्ठ सभागृह, ६७ सदस्यांचं. आपल्या विधान परिषदेसारखं नाव मनात आलं तर एक फरक लक्षात ठेवा: हे सगळे ६७ जण आपापल्या मतदारसंघातून थेट निवडून येतात.

नोव्हेंबर १९७४ मध्ये बॉस्टनमधून इलेन नोबल मॅसॅच्युसेट्सच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून आल्या. आपण लेस्बियन आहोत हे त्यांनी लपवलं नव्हतं, आणि तसं असताना राज्याच्या विधिमंडळावर निवडून आलेल्या त्या देशातल्या पहिल्याच. महिन्याभरात, ९ डिसेंबरला, ‘मिनियापोलिस स्टार’च्या पहिल्या पानावर स्पिअर यांची बातमी आली. आता ‘पहिलं कोण’ हा वाद हवा असेल तर घालता येतो. नोबल आधी निवडून आल्या, पण त्यांनी पदभार घेतला जानेवारी १९७५ मध्ये. स्पिअर तेव्हा आमदार होतेच. त्याच्याही आधी, एप्रिल १९७४ मध्ये, मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर शहराच्या नगर परिषदेवर कॅथी कोझाचेन्को उघडपणे लेस्बियन म्हणून निवडून आल्या होत्या. हार्वे मिल्क यांचं नाव आपल्याकडे जास्त ठाऊक आहे, पण त्यांचा विजय १९७७चा आणि तोही सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या पदासाठी.

स्पिअर यांच्या जाहीर करण्याला एक वेगळी धार होती. नोबल यांच्या मतदारांना मत देतानाच सगळं माहीत होतं. स्पिअर यांना मत देणाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि पुढची परीक्षा १९७६ला होती. ती त्यांनी आरामात पार केली. मतदारसंघ विद्यापीठाचा होता हे यातलं निम्मं उत्तर. ग्रामीण भागातला एखादा आमदार असा आउट झाला असता, म्हणजे आपण समलिंगी असल्याचं त्यानं जाहीर केलं असतं, तर काय झालं असतं, याचा अंदाज पुढच्या घडामोडींवरून येईलच.

एक गोष्ट मात्र चटकन लक्षात येत नाही. स्पिअर आउट झाले तेव्हा मिनेसोटाच्या दंडविधानात परस्परसंमतीचा समलिंगी संबंधही गुन्हा होता. आपल्या ३७७ कलमाचाच चुलतभाऊ म्हणा. तो राज्यातल्या न्यायालयानं २००१ साली घटनाबाह्य ठरवला. स्पिअर २८ वर्षांच्या आमदारकीनंतर निवृत्त झाले, त्यानंतर. म्हणजे कायदे करणारा, पुढे न्यायविषयक समितीचा प्रमुख झालेला, नंतर सभागृहाचा अध्यक्ष झालेला हा माणूस संपूर्ण कारकीर्दभर कागदोपत्री त्या कलमाच्या कक्षेत होता. भारतात ३७७मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले ६ सप्टेंबर २०१८ला, तेही न्यायालयातूनच. दोन्हीकडे विधिमंडळानं हात लावायचं टाळलं.

आता प्रक्रिया. मराठी वाचकाची इथे गल्लत होऊ शकते, कारण आपल्याकडे विधेयक म्हणजे बहुधा सरकारचं विधेयक. मंत्री ते मांडतो, पक्षादेश निघतो, सत्ताधारी बाकांवरून हात वर होतात. पक्षादेश मोडला तर पक्षांतरबंदी कायद्यानं आमदारकीच जाऊ शकते. खासदारानं स्वतः मांडलेलं खासगी विधेयक मंजूर होणं इतकं दुर्मीळ आहे, की आपल्या संसदेत असं शेवटचं विधेयक १९७० साली मंजूर झालं. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०२२ साली समलिंगी विवाहासाठी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक लोकसभेत मांडलं, तेही असंच खासगी होतं. ते पुढे सरकलं नाही याचं नवल वाटायचं कारण नाही.

मिनेसोटात आमदारच विधेयकं मांडतात, मग तो सत्ताधारी असो की विरोधी. पक्षादेश मोडला म्हणून कुणाची जागा जात नाही. ऐकायला छान वाटतं, पण याची दुसरी बाजू अशी, की आपल्याच पक्षाचं मतही गृहीत धरता येत नाही. प्रत्येक सदस्याकडे स्वतंत्रपणे जायचं, त्याच्या मतदारसंघातलं चर्च कुठलं, पुढची निवडणूक किती चुरशीची, घरात कुणी समलिंगी आहे का, हे सगळं जाणून बोलायचं. त्यातून विधेयक आधी समितीत जातं. समितीप्रमुखानं सुनावणीच लावली नाही तर ते तिथेच मरतं आणि कुणाला विरोधात मत देण्याची तसदीही पडत नाही. सिनेटमध्ये मंजुरीला ६७पैकी ३४ मतं लागतात. हजर असलेल्यांपैकी बहुमत पुरत नाही, एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त हवीत. म्हणजे जो ऐनवेळी चहाला निघून गेला, त्याचं मतही विरोधातच पडल्यासारखं.

या हिशेबातूनच १९७५ साली सगळ्यात कडवट भांडण झालं, आणि ते विरोधकांशी नव्हतं.

त्या वर्षीचं विधेयक समलिंगी लोकांपुरतं होतं. ट्रान्सजेंडर लोकांचा त्यात समावेश नव्हता. जॅक बेकर, टिम कॅम्बेल अशा काही कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की ज्यांना सगळ्यात आधी नोकरीवरून आणि घरातून हाकललं जातं, त्यांनाच वगळून कसला हक्कांचा कायदा करताय? स्पिअर आणि त्यांच्याबरोबर विधिमंडळात काम करणारे स्टीव्ह एन्डीन यांचा हिशेब वेगळा होता. काठावरची मतं आधीच बिचकलेली आहेत. आणखी काही जोडलं तर तीही जातील. आधी मिळेल ते घेऊ, उरलेलं पुढच्या खेपेला. एन्डीन मिनियापोलिसच्या एका गे बारमध्ये लोकांचे कोट सांभाळायचं काम करायचे आणि उरलेला वेळ आमदारांच्या मागे फिरण्यात घालवायचे. याच माणसानं पुढे १९८० साली वॉशिंग्टनला जो राजकीय निधी उभा केला, त्यातून आजची ह्यूमन राइट्स कॅम्पेन ही देशातली मोठी संघटना वाढली.

विधेयक पडलं. ट्रान्सजेंडर लोकांना वगळूनही पडलं. आणि त्याच डिसेंबरमध्ये मिनियापोलिसच्या नगर परिषदेनं आपल्या भेदभावविरोधी नियमांत ट्रान्सजेंडर लोकांना सामील करून घेतलं. असं करणारं ते देशातलं पहिलं शहर. विधिमंडळात जे अशक्य म्हणून बाजूला ठेवलं होतं, ते नदीपलीकडच्या शहराच्या सभागृहात झालंसुद्धा. स्पिअर यांच्याविषयी लिहिणारे बरेचजण या प्रकरणावरून भरभर पुढे जातात. मला ते पटत नाही. शहरातली मतं आणि राज्यभरातली मतं यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं हे खरं, आणि सगळ्यांना घेऊन विधेयक मांडलं असतं तर ते मंजूर झालं असतं असं म्हणायला कसलाही आधार नाही. पण ‘तुम्ही थोडं थांबा’ हे नेहमी त्याच लोकांना का ऐकावं लागतं, हा बेकर-कॅम्बेल यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आणि ज्या इतिहासकारानं शिकागोतल्या वस्तीवर संशोधन केलं, त्याला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्याला कळत होतं आणि तरी त्यानं मतं मोजली.

मग वारं फिरलं. जून १९७७ मध्ये फ्लोरिडातल्या डेड काउंटीत गायिका अनिता ब्रायंट यांनी समलिंगींच्या हक्कांविरुद्ध मोहीम चालवली आणि मतदारांनी तिथला भेदभावविरोधी नियम रद्द करून टाकला. पाठोपाठ अनेक शहरांत तेच सुरू झालं. सेंट पॉल, म्हणजे ज्या शहरात मिनेसोटाचं विधिमंडळ भरतं तेच, एप्रिल १९७८ मध्ये तिथल्या मतदारांनीही मोठ्या फरकानं आपला नियम मोडीत काढला. विधिमंडळाच्या इमारतीतून बाहेर पडलं की समोर नकार, अशी अवस्था. इलेन नोबल यांनी त्याच वर्षी दोन मुदतींनंतर आमदारकी सोडली. मतदारसंघांची फेररचना झाली होती आणि त्यांना सहकारी बार्नी फ्रँक यांच्याविरुद्ध लढावं लागलं असतं. फ्रँक स्वतः समलिंगी होते आणि समलिंगींच्या हक्कांची विधेयकंही मांडत होते, मात्र तेव्हा आउट नव्हते. ते जाहीर केलं १९८७ साली, खासदार झाल्यावर.

स्पिअर टिकून राहिले. ऐंशीच्या दशकात ते सिनेटच्या न्यायविषयक समितीचे प्रमुख झाले. हा भाग चरित्रात कंटाळवाणा वाटतो. शिक्षेचे निकष, फौजदारी कायद्यातल्या दुरुस्त्या, दिवाणी दाव्यांची किचकट कलमं, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या सुनावण्या. पण खरी कमाई इथेच झाली. ग्रामीण भागातल्या आमदाराला त्याच्या जिल्ह्यातल्या कोर्टासंबंधी काही हवं असेल, तर त्याला या माणसाच्या दारात यावं लागायचं. दहा वर्षं एखाद्याच्या शेजारी बसून कलमं तपासल्यावर ‘ते लोक’ असं म्हणणं जरा अवघड जातं. ज्याला एका प्रश्नाचा आमदार म्हणून कोपऱ्यात बसवता आलं असतं, तो सभागृहाला रोज लागणारा माणूस झाला.

कनिष्ठ सभागृहात १९८० साली कॅरेन क्लार्क निवडून आल्या. पेशानं नर्स, मिनियापोलिसच्या गरीब वस्तीच्या प्रतिनिधी, उघडपणे लेस्बियन. त्या ३८ वर्षं आमदार राहिल्या. कायदा दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावा लागतो, त्यामुळे एकट्या स्पिअर यांच्या नावावर हे श्रेय टाकणं अन्यायाचं होईल. दरम्यान १९८२ साली शेजारच्या विस्कॉन्सिननं असा कायदा करणारं पहिलं राज्य होण्याचा मान घेतला. सेंट पॉलच्या नगर परिषदेनं १९९० साली जुना नियम परत आणला, आणि १९९१ साली तो पुन्हा रद्द करायचा डाव मतदारांनी हाणून पाडला. तेरा वर्षांत त्याच शहरानं कूस बदलली होती.

१९९३ साली स्पिअर सिनेटचे अध्यक्ष झाले, म्हणजे आपल्या भाषेत सभापती. मार्चमध्ये विधेयक चर्चेला आलं. समलिंगी असणं ही आवडनिवड आहे, असं सांगणाऱ्यांना स्पिअर यांनी दिलेलं उत्तर आजही सांगितलं जातं: मी ५५ वर्षांचा समलिंगी माणूस आहे, हे काही वयातलं खूळ नाही, आणि आज कुठला शर्ट आणि कुठला टाय घालायचा हे निवडावं तसं मी हे निवडलेलंही नाही. सभागृहातल्या भाषणांनी मतं फारशी बदलत नाहीत, हे कुणीही मुरलेला आमदार सांगेल. पण समोर बसलेल्यांनी या माणसाला वीस वर्षं पाहिलं होतं.

निर्णायक ठरले ते विरोधी बाकांवरचे डीन जॉन्सन. ग्रामीण भागातल्या विल्मर गावचे, लुथरन पंथाचे पाद्री, आणि सिनेटमधले रिपब्लिकन पक्षाचे नेते. त्यांनी विधेयकाच्या बाजूनं मत दिलं. त्याची किंमत त्यांना स्वतःच्या पक्षात मोजावी लागली, आणि २००० साली ते पक्ष सोडून डीएफएलमध्ये गेले. निकाल लागला ३७ विरुद्ध ३०. डीएफएलचं सिनेटमध्ये भरभक्कम बहुमत असूनही गरजेपेक्षा तीनच मतं जास्त पडली; पक्षादेश नसला की काय होतं ते इथे कळतं. कनिष्ठ सभागृहात ७८ विरुद्ध ५५. रिपब्लिकन गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी २ एप्रिल १९९३ रोजी सही केली. एन्डीन एड्सनं आजारी होते. त्याच ऑगस्टमध्ये ते गेले.

कायद्याचा मजकूर वाचला की तडजोड कशी दिसते ते कळतं. ‘लैंगिक अभिमुखता’ या कारणाची व्याख्या इतकी रुंद केली होती, की ज्यांची स्वतःबद्दलची ओळख जन्मजात स्त्रीत्वाच्या किंवा पुरुषत्वाच्या रूढ कल्पनेशी जुळत नाही, असे लोकही तिच्यात आले. म्हणजे १९७५ साली जे वगळलं होतं, ते १९९३ला आत होतं, आणि संपूर्ण राज्यासाठी असं करणारं मिनेसोटा हे पहिलं राज्य ठरलं. मात्र त्याच कायद्यात आणखी एक कलम घातलं गेलं. या कायद्याचा अर्थ राज्याला समलैंगिकता मान्य आहे असा घेऊ नये. शाळांत तिचा प्रसार करायला परवानगी आहे असा घेऊ नये. आणि समलिंगी विवाहाला मान्यता आहे असा तर मुळीच घेऊ नये. तुम्हाला नोकरीवरून काढणार नाही, पण तुम्ही आम्हाला पसंत आहात असंही समजू नका, हे राज्यानं कायद्याच्या भाषेत लिहून दिलं. ज्याच्या वीस वर्षांच्या कामातून हा कायदा झाला, त्याच्याबद्दलचंच हे वाक्य होतं. काठावरच्या मतांची किंमत अशीही असते.

विवाहाच्या बाबतीत राज्य लगेच मागे सरकलं. १९९७ साली मिनेसोटानं समलिंगी विवाहावर कायद्यानं बंदी घातली, स्पिअर सिनेटचे अध्यक्ष असतानाच. २००० साली त्यांनी निवडणूक लढवली नाही. ११ ऑक्टोबर २००८ रोजी, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीतून, त्यांचं निधन झालं. जोडीदार जुन्जिरो त्सुजी यांच्याबरोबर ते १९८२पासून राहत होते. कायद्याच्या दृष्टीनं दोघं एकमेकांचे कुणीच नव्हते. लिहायला घेतलेलं आत्मचरित्र अपुरं राहिलं आणि २०१० साली प्रकाशित झालं.

समलिंगी विवाहाचा कायदा मिनेसोटात मे २०१३ मध्ये झाला, १ ऑगस्टपासून लागू. सिनेटमध्ये तो मांडला स्कॉट डिबल यांनी. स्पिअर निवृत्त झाल्यावर काही काळानं मिनियापोलिसमधून सिनेटवर आलेले, तेही उघडपणे समलिंगी. कनिष्ठ सभागृहात मांडला कॅरेन क्लार्क यांनी, १९९३प्रमाणेच. आणि २०२३ साली मानवी हक्क कायद्याच्या यादीत लिंगभाव ओळख हे कारण अभिमुखतेच्या पोटातून काढून स्वतंत्रपणे लिहिलं गेलं. ते विधेयक मांडलं होतं ली फिन्की यांनी, मिनेसोटाच्या विधिमंडळातल्या पहिल्या ट्रान्सजेंडर आमदारानं.